रुग्णाजवळच्या माणसाने नेमकं काय केलं? सोलापूरकरांनो, लिहा

परिचर्या_सोलापूर

नमस्कार मंडळी.

मी सोलापुरात नर्सिंग शिकवते. येत्या महिन्यात आमची जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिल्या वर्षाची मुलं-मुली पहिल्यांदा वॉर्डात जातील. कुणी अक्कलकोटचं, कुणी मंगळवेढ्याचं, बार्शी-वैरागकडचे बरेच, काही इंडीकडच्या. नाडी मोजणं, बीपी घेणं, बेड लावणं, स्पंजिंग हे सगळं आम्ही आधी पुतळ्यावर करून घेतो. पण पुतळा लाजत नाही, कण्हत नाही आणि "माझं पोरगं आलं का बघा की" असं सारखं विचारत नाही.

म्हणून हा धागा. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी आजारी असताना सिस्टर, ब्रदर, वॉर्डातल्या मावशी, मामा, आशाताई, घरी येणाऱ्या आयाबाई यांच्यापैकी कुणी काय केलं ते लिहा. "देवमाणूस होत्या हो" एवढ्यावर थांबू नका. हाताने काय केलं, काय बोलल्या, कुठे उभ्या राहिल्या, कधी गप्प बसल्या, ते सांगा. मला ते जसंच्या तसं वर्गात न्यायचं आहे.

माया उपजत असते, शिकवून येत नाही, असं आमच्याच क्षेत्रातली जाणती माणसं म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. असं म्हटलं की शिक्षकांची जबाबदारी संपते आणि ज्या मुलीला बोलायला जमत नाही तिला "कोरडी" म्हणून मोकळं होता येतं. रुग्णाला हात लावण्याआधी सांगायचं, हे शिकवता येतं. चादर एका वेळी किती उघडायची, हेही शिकवता येतं.

आपल्याकडे तर हे जास्तच लागतं. मेडिकल कॉलेज १९६३ पासूनचं, त्यामुळे सिव्हिलला धाराशिवपासून कलबुर्गी-विजापूरपर्यंतचा माणूस येतो. एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. अर्ध्या रुग्णांना आपलं दुखणं दुसऱ्याच्या भाषेत सांगावं लागतं.

अशोकचौक_पूर्वभाग

मॅडम, माझी आई विडी कामगार. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे तिचं सगळं आयुष्य हजार-हजार मोजण्यात गेलं. घरात आम्ही तेलुगू बोलतो. तिला मराठी समजतं, पण समोर डॉक्टर आले की सगळ्याला "हां, हां" म्हणते. पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. राउंडला विचारलं, आजी, दुखतंय का? म्हणाली, नाही. दुखतंय म्हटलं की इथंच ठेवून घेतील, खर्च वाढेल, ही तिची भीती.

दुपारपाळीच्या सिस्टर बार्शीकडच्या. त्यांनी लगेच काही विचारलं नाही, नुसतं बघत राहिल्या. पाण्याचा ग्लास घ्यायला वळली की आई चादर मुठीत धरते, हे त्यांनी हेरलं. मग जवळ येऊन तेलुगूत विचारलं, कुठं दुखतंय, रात्री झोप लागली का. मोडकंतोडकंच, पूर्वभागातल्या एका मावशींकडून शिकलेलं. आईने तेव्हा खरं सांगितलं. सिस्टरनी ते केसपेपरवर लिहिलं, डॉक्टरांना फोन केला, औषध बदललं. त्याच संध्याकाळी आई फिजिओथेरपीवाल्यांसमोर उठून बसली.

आणखी एक. गुंगीत आईची बोटं चालायची. सिस्टरनी मला विचारलं, हे काय करतायत? मी म्हटलं, विड्या वळतीय. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आल्या आल्या त्या म्हणाल्या, "अम्मा, आज किती झाल्या? हजार भरले का?" ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा हसली. आपण कोण, काय काम करतो हे या बाईला ठाऊक आहे, एवढं तिला पुरलं. पुढे त्यांनी चला म्हटलं की ती चालायची. आम्ही म्हटलं तर नाही.

आयसीयू_ब्रदर

हे वाचून लिहावंसं वाटलं. मी अतिदक्षता विभागात काम करतो, बहुतेक नाईटला.

तुमच्या मुलांना डिलिरियमबद्दल नक्की सांगा. आदल्या दिवशी नीट बोलणारा माणूस रात्री सलाईन ओढायला लागतो, पोटच्या पोराला ओळखत नाही, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतो. बाहेर नातेवाईक घाबरतात. कुणी म्हणतं वेड लागलं, कुणी अंगारा आणतं. हा मेंदूवर आलेला तात्पुरता ताण असतो. जंतुसंसर्ग, ऑक्सिजन कमी, सोडियम खालीवर, काही औषधं, आणि त्यात रात्रभर दिवे आणि अलार्म. उपचार डॉक्टर करतातच. पण आमच्या हातात जे आहे ते फार साधं आहे आणि त्याचा खरोखर उपयोग होतो. चष्मा डोळ्यावर द्या. कानाचं यंत्र पिशवीत पडून असेल तर कानात घाला. घड्याळ दिसेल असं लावा. रात्री शक्य तेवढे दिवे मंद करा, दिवसा खिडकीचा पडदा उघडा. घरच्या माणसाचा आवाज ऐकू द्या. आणि प्रत्येक वेळी सांगा, आज गुरुवार, सकाळचे सात वाजलेत, तुम्ही सोलापुरात दवाखान्यात आहात, मी तुमचा ब्रदर.

एक निवृत्त गिरणी कामगार होते. मॉनिटर वाजला की उठून बसायचे, नळी ओढायचे. मुलाने सांगितलं, त्यांना भोंगा वाटतोय, पाळी चुकेल म्हणून धडपडतायत. हात बांधायचा विचार चालला होता. मी जवळ बसून त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "बाबा, तुमची पाळी झाली. आता माझी पाळी आहे, मी बघतो मशीनकडे." ते आडवे झाले. पुन्हा उठले की पुन्हा तेच सांगायचो. हात बांधावे लागले नाहीत.

व्हेंटिलेटरवरच्या, बेशुद्ध दिसणाऱ्या माणसाशीही बोलायचं. सक्शन करताना मी आधी सांगतो, "आता नळीतला कफ काढतोय, खोकला येईल, दहा-पंधरा सेकंदांत थांबतो." आणि तेवढ्या वेळात थांबतो. शुद्धीवर आल्यावर काहीजण आवाजावरून ओळखतात. त्यामुळे कॉटजवळ उभं राहून त्यांच्याबद्दल तिसऱ्याच माणसासारखं बोलायचं नाही, ही सवय पहिल्या वर्षातच लागली पाहिजे.

परिचर्या_सोलापूर

ब्रदर, "आता माझी पाळी" हे मी वर्गात सांगणार. अशोकचौक, तुम्ही लिहिलेलं नुसतं बघत राहणं मला फार मोलाचं वाटलं. आमच्या मुली दुखणं विचारतात आणि शून्य ते दहा आकडा लिहून पुढे जातात. मुठीतली चादर कुठल्याच रकान्यात येत नाही.

डॉक्टर मंडळी वाचत असतील तर त्यांनीही लिहावं.

मेडिसिन_ओपीडी

लिहितो. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी अमेरिकेत एक अभ्यास केला. रुग्ण आपली तक्रार सांगायला लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच अडवतात, असं त्यात दिसलं. आपल्या ओपीडीत बाहेर रांग असते, केसपेपरचा गठ्ठा टेबलावर असतो, तेव्हा इथे काय होत असेल ते तुम्हीच बघता. पण अडवल्याने वेळ वाचतोच असं नाही. खरी तक्रार उठून जाताना दारात सांगितली जाते. "आणि साहेब, परवा जरा छातीत पण दुखलं होतं."

दुसरा अभ्यास मी रेसिडेंटना नेहमी सांगतो. २०१२ मध्ये कॅन्सास विद्यापीठाच्या रुग्णालयात मणक्याचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांना भेटायला डॉक्टर गेले. काही भेटींत ते उभे राहिले, काहींत खुर्चीवर बसले. बसलेल्या भेटी घड्याळाप्रमाणे जरा कमीच वेळाच्या होत्या. पण डॉक्टर बसले होते तिथे रुग्णांना वाटलं की ते जास्त वेळ होते, आणि समाधानही जास्त होतं. म्हणून आमच्या युनिटमध्ये स्टूल ठेवायला लावलं आहे. राउंडला ज्याची अवस्था गंभीर आहे त्याच्याशी आणि ज्याला वाईट बातमी सांगायची आहे त्याच्याशी बसूनच बोलायचं. खाटेवर बसायचं नाही, स्टूल ओढून घ्यायचं.

२०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यासाठी स्वतंत्र तास आले आहेत. चांगली गोष्ट आहे. पण विद्यार्थी तास ऐकून वॉर्डात येतात आणि तिथे सीनियर कसा बोलतो ते पाहून बोलायला लागतात. वरिष्ठ बसला तर कनिष्ठ बसतो.

भैय्याचौक

भाषेचा विषय निघालाय तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं नाव सोलापूरच्या धाग्यावर आलंच पाहिजे. १९१० चा जन्म, याच गावचा. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. युद्धातल्या जखमींवर दुभाष्याशिवाय उपचार करता यावेत इतकं चिनी शिकले. तिथल्याच गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. १९४२ च्या डिसेंबरात गेले तेव्हा वय ३२. त्यांच्या स्मारकात आपण शाळेच्या सहलीला जातो, पुतळ्याला हार घालतो. ज्याला टाके घालायचे आहेत त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलायचं म्हणून माणूस परकी भाषा शिकला, हे तिथे मुलांना सांगायला हवं. नर्सिंगच्या मुलांना तर न्याच, मॅडम.

जुनी_सिस्टर

सगळं वाचलं. चांगलं आहे, खरं आहे. पण माझं ऐकाल का?

मी वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाचामागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक. आता रात्री कुठल्याही मोठ्या वॉर्डात जाऊन मोजा. भरलेल्या खाटा, खाली गाद्या घातलेले रुग्ण, आणि सिस्टर एक. तिला दहा वाजताची इंजेक्शनं संपवता संपवता बारा वाजतात. तेवढ्यात एक नवीन ॲडमिशन, एक रक्त चढवायचं, एक अटॅक. शेजारची आजी "पोरी, जरा बस की" म्हणते तेव्हा सिस्टर बसत नाही, ती कोरडी आहे म्हणून नव्हे. बसली तर सात नंबरच्या माणसाचं सलाईन संपून नळीत रक्त येईल.

आणि मग लोक म्हणतात, सिस्टर हसून बोलत नाहीत. बाईने हसलंच पाहिजे, नर्स म्हणजे आई, नर्स म्हणजे देवी, असं म्हणत म्हणत आमच्याकडून दुप्पट काम काढून घेतलं जातं. कंत्राटी मुलींचा पगार महिनोन्‌महिने रखडला तरी सेवा म्हणून गप्प बसायचं. रुग्ण दगावला की पहिली शिवी काउंटरवरच्या सिस्टरला. दवाखान्यात हिंसा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असा महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. रात्री दोन वाजता तो कायदा आमच्याजवळ उभा नसतो.

तुम्हाला करुणेचं खरं उदाहरण हवं असेल तर मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांचं सांगा. त्यांच्यातलीच परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं अंथरुणावर होती. तिला सांभाळणाऱ्या मुली निवृत्त झाल्या, नव्या आल्या, त्यांतल्या कितीतरी तिच्यावर हल्ला झाला तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. तिला कूस बदलणं, भरवणं, पुसणं कधी थांबलं नाही. एकट्या बाईच्या मायेने हे ४२ वर्षं टिकलं नसतं. पाळीवरून पाळीला, हँडओव्हरमध्ये ती सोपवली जात होती. सगळ्या वॉर्डाने ते आपलं काम मानलं होतं. मॅडम, मुलींना हे शिकवा. एकटीने जळायला शिकवू नका.

परिचर्या_सोलापूर

ताई, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. धागा काढताना माझ्या मनात एकेकट्या माणसाच्या कृती होत्या. हँडओव्हरचा मुद्दा तुम्ही मोठा केलात. आमच्या हँडओव्हरमध्ये सलाईन, युरिन आउटपुट, ड्रेसिंग असतं. त्यातच एक ओळ बसू शकते. "सहा नंबर, विडी कामगार, तेलुगू, दुखलं तरी सांगत नाहीत." मग जे एका सिस्टरला कळलं ते तिच्या पाळीबरोबर घरी जाणार नाही. यंदा मुलांच्या वहीत मी हा रकाना घालतेय.

मनुष्यबळाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझ्या विद्यार्थ्यांना तो निकष पाठ असेल आणि तो मागायचा कसा हेही माहीत असेल.

यॉर्कशायर_ते_लष्कर

मी मूळची सोलापूरच्या लष्कर भागातली, आता इंग्लंडमध्ये नर्स आहे. जुन्या सिस्टरांच्या "एकटीने जळू नका" वरून लिहिते.

बोस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील होते. आरोग्यक्षेत्राच्या कायद्याचंच काम करायचे. चाळिशीत फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि १९९५ मध्ये ते गेले. आजारपणात नर्स आणि डॉक्टरांनी दाखवलेल्या माणुसकीने आपल्याला किती धीर दिला हे त्यांनी लिहून ठेवलं. त्यांच्या नावाने केंद्र सुरू झालं आणि त्यातून श्वार्ट्झ राउंड्स ही पद्धत आली. आमच्याकडे ती २००९ पासून आहे. ठरावीक दिवशी तासभर सगळे एकत्र बसतात. डॉक्टर, नर्स, फिजिओ, सफाई कामगार, पोर्टर. दोघं-तिघं एखाद्या रुग्णाविषयी बोलतात, पण कुठलं औषध चुकलं-बरोबर आलं याची चर्चा होत नाही. त्या रुग्णाने माझ्या मनाचं काय केलं, एवढंच. कुणी सल्ला देत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा एक मोठे सर्जन एका लहान मुलाबद्दल बोलता बोलता थांबले, आणि समोर बसलेल्या सफाईच्या बाईंनी सांगितलं की त्या मुलाची खेळणी त्यांनी गोळा केली होती. दोघंही तेच दुःख वाहत होते आणि एकमेकांना माहीत नव्हतं. सोलापुरात यासाठी एक खोली आणि चहा लागेल, बाकी काही नाही.

दुसरं, ओळख सांगण्याबद्दल. इथल्याच डॉ. केट ग्रेंजर स्वतः कर्करोगाने आजारी होत्या. रुग्ण म्हणून दाखल असताना त्यांच्या लक्षात आलं की उपचार करायला येणारे कितीतरी जण आपलं नावही सांगत नाहीत. २०१३ मध्ये त्यांनी स्वतःचं नाव सांगूनच सुरुवात करायची मोहीम काढली. २०१६ मध्ये त्या गेल्या, पण आजही आमच्या छातीवर नाव लिहिलेला पिवळा बिल्ला असतो. आपल्याकडे सगळ्याच "सिस्टर". रुग्णाला रात्री हाक मारायची तर कुणाला?

आशा_बाळे

मी आशा आहे. मोबाईलवर लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

आमच्याकडे टीबीचे पेशंट असतात. साध्या टीबीला औषध सहा महिने. दोन महिन्यांत बरं वाटतं आणि लोक गोळ्या सोडतात. पेशंटला पोषणासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे पैसे आधी महिना पाचशे होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार झाले. पण गोळी सुटण्याचं कारण पैशापेक्षा वेगळंच असतं कधी कधी.

एका घरी सुनेला टीबी झाला. तिचं ताट, तांब्या वेगळा केला, पोराला जवळ येऊ देईनात. मी गेले की ती दाराआडून गोळीचं पाकीट दाखवायची. मी एक दिवस म्हटलं, चहा टाका की. तिनेच केला, तिच्याच हातचा मी सासूसमोर बसून प्याले. मग सासूला सांगितलं, हा आजार खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. औषध नीट चालू राहिलं की पसरणं लवकर थांबतं. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडाला पदर लावू द्या, आणि जेवायला जवळ बसवा. नुसतं सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. मी चहा पिलेला त्यांनी बघितला ना. तिचा कोर्स पूर्ण झाला.

आम्हाला २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या सगळ्या आशांना मिळून गौरव दिला. आनंद झाला. मोबदला मात्र अजून बराचसा कामागणिक आहे, आणि चहा पीत बसलेल्या तासाचा कुठल्या फॉर्मवर रकाना नाही. जुन्या सिस्टर बोलल्या ते आमचंही आहे.

विजापूररोड

आशाताई, फार छान लिहिलंत.

आमचे बाबा पॅरालिसिसनंतर घरीच होते, अंगावर पडून. नाकातून रायल्स ट्यूब म्हणजे पेज द्यायची नळी, लघवीची पिशवी. दिवसा एक अक्का यायच्या सांभाळायला, कन्नड मुलखातल्या. शिक्षण चौथी. त्यांनी आम्हाला जे शिकवलं ते लिहिते.

दर दोन तासांनी कूस. आमचं चुकू नये म्हणून स्वयंपाकघरात कागद लावला होता त्यांनी, डावी-उजवी-पाठ. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती रोज उजेडात बघायच्या, लाल दिसलं की त्या बाजूवर झोपवायचं नाही आणि ती जागा चोळायचीही नाही. नळीतून पेज देताना डोकं वर, दिल्यावर अर्धा तास तसंच. हे सगळं डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं आम्हाला, पण त्या गडबडीत डोक्यात शिरलं नव्हतं.

त्यांची खरी गोष्ट वेगळी. बाबांना बोलता येत नव्हतं, पण समजत होतं. अक्का कुठलीही गोष्ट करण्याआधी सांगायच्या. "अप्पा, आता पाणी गार लागेल." "अप्पा, धोतर बदलते, पोरीला बाहेर पाठवते." मला खरंच बाहेर पाठवायच्या. मुलीसमोर उघडं व्हायला बाबांना लाज वाटते, हे मी मुलगी असून माझ्या ध्यानात आलं नव्हतं आणि त्यांच्या आलं. सकाळी दाढी करून, गंध लावून, खिडकीशी टेकवून बसवायच्या, मग पेपरातले मथळे मला वाचायला लावायच्या. बाबा शिक्षक होते.

गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी त्या म्हणाल्या, आज मी रात्री थांबते, तुम्ही नवरा-बायको नंदीध्वज बघून या. मी नाही म्हटलं तर रागावल्या. "तू आजारी पडलीस तर अप्पाला कोण?" होम मैदानावर गर्दीत चालताना मला कळलं की मी कितीतरी दिवसांत मोकळा श्वास घेतला नव्हता. मॅडम, तुमच्या मुलांना सांगा, खाटेजवळ जो नातेवाईक बसलाय त्याला कधीतरी विचारा, तुम्ही जेवलात का.

बार्शीकर

कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम करतो, थोडं लिहितो.

देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत १९८७ मध्ये सुरू झाली, हे आपल्याच जिल्ह्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. खेड्यात कागदपत्रं नसतात, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरून, पारावर आणि ओसरीवर बोलून माहिती काढायचे. त्यातूनच पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. ४९७ गावं, एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायका. २००९ मध्ये निष्कर्ष आले. तो कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभर तो दाखला देतात. पण परक्या माणसासमोर कधी पदर न ढळलेल्या बाया तपासणीच्या टेबलावर झोपल्या, याचं श्रेय गावात गेलेल्या परिचारिका आणि कार्यकर्त्यांना. विश्वास बसल्याशिवाय नमुना मिळत नाही.

आता अवघड भाग. आपल्याकडे नातेवाईक दारातच गाठतात, "त्यांना काही सांगू नका." रुग्ण बहुतेक वेळा ओळखून असतो. तोही घरच्यांना वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. एकाच खोलीत सगळे एकमेकांपासून लपवतात आणि माणूस शेवटचं बोलायचं ते न बोलता जातो. रात्री मात्र तो सिस्टरला विचारतो, "मी यातून उठेन का हो?" नव्या मुली घाबरून "काही नाही होत, असं बोलू नये" म्हणतात आणि निघून जातात. दार बंद होतं. आमच्या एक ज्येष्ठ सिस्टर अशा वेळी सलाईनचं काम बाजूला ठेवून विचारतात, "तुम्हाला काय वाटतंय?" आणि मग थांबतात. पुष्कळ वेळ थांबतात. एका शेतकऱ्याने तेव्हा सांगितलं, मला वाटतं मी जाणार, पण धाकटीचं लग्न ठरवायचं राहिलंय आणि भावाशी बांधावरून अबोला आहे. त्याची वेदना कमी का होत नव्हती, ते आम्हाला त्या रात्री कळलं. मॉर्फिन चालूच होतं. भावाला निरोप गेला.

सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची, श्रद्धेची अशी एकत्र असते हे त्यांनी मांडलं. त्या शेतकऱ्याच्या खाटेपाशी ते मला नीट समजलं.

जुळे_सोलापूर_२

बार्शीकर, आम्ही वडिलांना सांगितलं नव्हतं, आणि मला आजही ते योग्य वाटतं. ते हबकून गेले असते. सगळ्यांना एकच नियम लावू नका.

बार्शीकर

नियम नाहीच. ज्याला जाणून घ्यायचं नाही त्याच्यावर लादायचं नाही, हेही त्याच शिक्षणात येतं. त्याने विचारलं तर पळायचं नाही, इतकंच. तुम्ही त्यांना ओळखत होता, तुम्ही ठरवलंत.

परिचर्या_सोलापूर

मंडळी, मी सगळं उतरवून घेतलंय. यंदा मुलं वॉर्डात जाण्याआधी एक पूर्ण दिवस यालाच देणार आहे. स्टूल ओढून बसणं, नाव सांगणं, सक्शनआधीचं बोलणं यांचा सराव एकमेकांवर करून घेईन. एकाने रुग्ण व्हायचं, दुसऱ्याने स्पंजिंग करायचं, म्हणजे चादर ओढल्यावर कसं वाटतं ते अंगाला कळेल. जुन्या सिस्टर, तुम्ही त्या दिवशी आमच्याकडे या, मी मनापासून बोलावतेय. निकष, हँडओव्हर आणि रात्रपाळी यावर तुम्हीच बोला.

अजून एक मदत हवी. कुठं दुखतंय, पाणी हवंय का, आता सुई टोचणार आहे, कुणाला बोलावू का, अशी रोज लागणारी वाक्यं तेलुगू, कन्नड आणि उर्दूत कुणी बोलून पाठवेल का? पुस्तकी नको, सोलापुरात बोलतात तशी.

अशोकचौक_पूर्वभाग

तेलुगू मी आईच्या आवाजात पाठवतो. ती म्हणतीय, मुलींना सांग, हळू बोला, म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही.

विजापूररोड

कन्नड अक्कांकडून घेते. त्या आता होटगी रोडला एका आजींकडे जातात, रविवारी भेटतील.

जुनी_सिस्टर

येते. शनिवार चालेल, नाईट उतरून येईन. उर्दूसाठी आमच्या वॉर्डातल्या मामांना घेऊन येते, त्यांनाही बोलू द्या. स्ट्रेचर ढकलताना रुग्णाला छत सोडून काही दिसत नाही, म्हणून वळणाआधी कसं सांगायचं हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही.

परिचर्या_सोलापूर

शनिवार पक्का, सकाळी अकरा. तोवर थोडी झोप घ्या, ताई.